शिंदे, आनंद

मराठी लोकप्रिय संगीतातील एक अग्रगण्य गायक. भक्तिगीते, भीमगीते व कव्वाली या प्रकारांतील ख्यातनाम गायक प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचे पुत्र. बंधू मिलिंद तसेच मुलगे उत्कर्ष व आदर्श हेही गायक असून, आजोबा-वडील-नातू अशा तीन पिढ्यांचा हा वारसा ‘शिंदेशाही’ या नावाने ओळखला जातो. शास्त्रीय संगीतात घराणे या संज्ञेला जो तांत्रिक अर्थ आहे, त्या अर्थाने हे घराणे नव्हे. तथापि आवाजाचा लगाव, शब्दफेक आणि श्रोत्यांशी असलेले नाते या तिन्ही बाबतींत येथे एक निश्चित परंपरा आढळते.

या परंपरेचा पाया प्रल्हाद शिंदे यांनी घातला. त्यांचा आवाज खडा, मोकळा आणि वरच्या पट्टीत सहज फिरणारा होता. ध्वनिवर्धकाची सोय असो वा नसो, मैदानातील शेवटच्या श्रोत्यापर्यंत शब्द पोहोचलाच पाहिजे, ही त्यांच्या गायकीची पहिली अट होती. एकाच आवाजाने विठ्ठलाची भक्तिगीते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या गौरवाची गीते गायिली. त्यांतील भक्तिगीते देवळांत व घराघरांत पोहोचली. भीमगीते मात्र बहुतांशी वस्त्यांपुरती आणि जयंतीच्या मंचापुरती राहिली. गायक एकच, परंतु श्रोतृवर्ग विभागलेला, ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनातील विसंगती या कुटुंबाच्या कारकीर्दीत जितकी स्पष्ट दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

आनंद शिंदे यांचा उदय ध्वनिफीतयुगात झाला. तोपर्यंत ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय मोजक्या कंपन्यांच्या हाती होता आणि आकाशवाणीवरील सुगम संगीतात भावगीताचे वर्चस्व होते. १९८० नंतरच्या दशकात स्वस्त ध्वनिफितींमुळे ही मक्तेदारी मोडली. थोड्या भांडवलावर गीते मुद्रित होऊ लागली आणि आठवडे बाजार, जत्रा, बसस्थानके व चहाची दुकाने ही त्यांच्या प्रसाराची केंद्रे ठरली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर हे डांगी गुरांच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध असलेले गाव. अशा बाजारगावांतील श्रोत्याला आपली आवड निवडण्याची संधी ध्वनिफितीने प्रथमच दिली. आनंद-मिलिंद या बंधूंची गीते हा श्रोता डोळ्यांपुढे ठेवूनच रचली गेली. ‘जवा नवीन पोपट हा’ या गीताने आनंद शिंदे यांचे नाव राज्यभर झाले.

या गीतांची घडण साधी आहे. चटकन ओठांवर येणारे ध्रुवपद, ढोलकी वा ढोलकचा ठळक ठेका, कोरसची पुनरावृत्ती आणि बोलीतील शब्दयोजना हे तिचे घटक होत. ध्रुवपदाकडे पुन:पुन्हा परतताना एखादा शब्द उचलून धरण्याची लकब कव्वालीतून आली आहे, तर मिस्कील प्रश्नोत्तराचा बाज तमाशातील सवालजबाबाला जवळचा आहे. आनंद शिंदे यांच्या आवाजात वडिलांच्या आवाजातील आर्तता कमी व ठसका अधिक आहे. भावगीतगायक शब्द कुरवाळतो. आनंद शिंदे तो श्रोत्यांकडे भिरकावतात, आणि तरीही त्याचा उच्चार अस्पष्ट होत नाही.

या संगीतावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांपैकी काही रास्त आहेत. ध्वनिफितींच्या मागणीपोटी एकाच साच्याची गीते मोठ्या संख्येने निघाली; द्व्यर्थी शब्दांचा आधार वारंवार घेतला गेला; आणि त्यांतील अनेक गीतांत स्त्री ही केवळ थट्टेचा विषय झाली. या मर्यादा गायकाच्या लोकप्रियतेमुळे झाकल्या जात नाहीत. मात्र द्व्यर्थ हा लावणीतही आहे आणि तेथे त्याचे रसग्रहण शृंगार म्हणून केले जाते, हेही विसरता येत नाही. एकच गुण एका प्रकारात परंपरा व दुसऱ्यात सवंगपणा ठरत असेल, तर ती कसोटी केवळ संगीताची राहत नाही. तीत गायकाच्या व श्रोत्याच्या सामाजिक स्थानाचाही हिशेब मिसळलेला असतो.

चित्रपटसंगीताने या आवाजाला नवा श्रोता मिळवून दिला. जत्रा (२००६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली वैशाली सामंत यांच्यासह त्यांनी गायिलेले ‘कोंबडी पळाली’ हे गीत शहरी मध्यमवर्गातही लोकप्रिय झाले. याच चालीवर पुढे अग्निपथ (२०१२) या हिंदी चित्रपटातील गीत बेतले गेले. ते श्रेया घोषाल यांनी गायिले. चाल हिंदीत गेली, पण तिच्यातील शिंदे यांचा रांगडा पुरुषी आवाज मागे राहिला. त्या आवाजाची मुळे बोलीत किती खोल आहेत, हे यावरून ध्यानात येते. पोश्टर गर्ल (२०१६) या चित्रपटात त्यांनी आदर्श यांच्यासह गायन केले.

आदर्श शिंदे यांनी दुनियादारी (२०१३) या चित्रपटातील गीतामुळे स्वतंत्र ओळख मिळविली. त्यांच्या गायनात आजोबांची आर्तता पुन्हा प्रकटते, परंतु ती आधुनिक वाद्यमेळाच्या व ध्वनिमुद्रणतंत्राच्या शिस्तीत बसविलेली असते. त्यामुळे सफाई वाढली. मैदानी गायनातील अनपेक्षितता मात्र काहीशी उणावली.

नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यपालनियुक्त विधान परिषद सदस्यत्वासाठी पाठविलेल्या यादीत आनंद शिंदे यांचे नाव होते. ती यादी मंजूर झाली नाही व २०२२ मध्ये मागे घेण्यात आली. तरीही ज्या संगीताची सुगम संगीताच्या चर्चेत दीर्घकाळ उपेक्षा झाली, त्याच्या प्रतिनिधीचे नाव कलावंत म्हणून पुढे येणे लक्षणीय होते.

आनंद शिंदे यांचे सर्वच गायन टिकाऊ ठरेल असे नाही; त्यातील पुष्कळसे तात्कालिक आहे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी माणूस काय ऐकत होता, याचा इतिहास केवळ भावगीत व नाट्यगीत यांच्या आधारे लिहिल्यास तो अपुरा राहील. बाजारात, वरातीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत घुमलेला हा आवाज त्या इतिहासाचा एक आवश्यक भाग होय.