कमाटीबागेतले पाच तास
'वेटिंग फॉर अ व्हिसा' बडोद्यात बसून वाचताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचायला घेतलं. पुस्तिका लहान आहे, दोन बैठकांत वाचून झाली. वाचन संपल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "ज्यानं हे भोगलंच नाही, त्याला हे खरोखर कळतं का हो?" लगेच दोन बाजू पडल्या. काहीजण म्हणाले, न कळायला काय झालं, दुःख सगळ्यांचं सारखंच. बाकीच्यांचं म्हणणं असं की जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, इतरांनी गप्प बसावं.

मी मध्येच माझी गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला याच शहरात भाड्याचं घर शोधत होतो. दोन ठिकाणी मालकांनी "मासे-मटण खाता का?" एवढंच विचारलं आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी ही गोष्ट मला अगदी चपखल वाटली होती. लोकांनीही माना डोलावल्या. घरी येऊन बडोद्याचं प्रकरण पुन्हा वाचलं, तेव्हा मात्र आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटू लागलं. ती चूक कोणती, हे शोधताना जे सुचलं ते इथे मांडतो आहे.

आधी मजकुराबद्दल थोडं. बाबासाहेबांनी हे इंग्रजीत लिहिलं. त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. हस्तलिखितावरून पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० मध्ये पुस्तिका काढली आणि पुढे वसंत मून यांनी संपादित केलेल्या महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत, बाराव्या खंडात ते आलं. यात सहा प्रकरणं आहेत. पहिली चार त्यांच्या स्वतःच्या अनुभवांची: लहानपणी साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला जाताना मसूर स्टेशनापासून झालेले हाल, बडोदा, १९२९ मधलं चाळीसगाव आणि १९३४ मधला दौलताबादचा किल्ला. उरलेली दोन इतरांची: काठेवाडातला एक शिक्षक आणि खेडा जिल्ह्यातल्या बोरसद कचेरीतला एक तरुण कारकून.

लेखनाचा काळ साधारण १९३५-३६ धरतात, कारण बडोद्याच्या प्रसंगाला अठरा वर्षं झाली असं ते स्वतःच लिहितात. पण बोरसदच्या प्रकरणात मार्च १९३८ मधल्या सभेचा उल्लेख आहे. म्हणजे सगळी प्रकरणं एका बैठकीत लिहिलेली नसावीत. परतीची सालंही मजकुरात एकमेकांशी जुळत नाहीत. एके ठिकाणी १९१६ आहे, पुढे १९१८. चरित्रकार १९१७ देतात. इतिहासवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं, पण त्यावरून साक्ष खोटी ठरवू नये. सालं हलली आहेत, खोलीतला कंदील मात्र जागेवर आहे.

आमच्या बैठकीतला प्रश्न या पुस्तिकेच्या पहिल्याच परिच्छेदात आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाबासाहेब सुरुवातच परदेशी माणसापासून करतात. अस्पृश्यता आहे हे त्याला माहीत असतं, पण ती त्याच्या शेजारी नसल्यामुळे तिचा जाच किती असतो याची त्याला कल्पना येत नाही. मग ती कशी द्यावी? एक तर सर्वसाधारण वर्णन करायचं, नाहीतर एकेक घडलेला प्रसंग सांगायचा. दुसरा मार्ग जास्त परिणामकारक म्हणून ते तो निवडतात. म्हणजे बाहेरच्याला काहीतरी कळू शकतं, हे त्यांनी गृहीतच धरलं आहे. तसं नसतं तर त्यांनी हे लिहिलंच नसतं. पण ते आपोआप कळत नाही, त्याला पुरावा समोर ठेवावा लागतो, हेही त्यांना ठाऊक आहे.

आता बडोदा. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेला, नंतर लंडनला गेलेला हा तरुण करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी येतो. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न राहायचं कुठे. हिंदू हॉटेलात जात लपवल्याशिवाय जागा मिळणार नाही. अमेरिकेत ओळख झालेले मित्र गावात आहेत, पण त्यांना अवघड वाटेल म्हणून जायला मन घेत नाही. शेवटी पारशी धर्मशाळा. पारशी नसलेल्याला तिथे ठेवता येत नाही, म्हणून रखवालदाराशी तडजोड होते: नोंदवहीत पारशी नाव लिहायचं, रोजचा दीड रुपया द्यायचा. वरच्या मजल्यावर मोडक्या बाकांच्या आणि अडगळीच्या सोबतीनं राहायचं. विजेचा दिवा नाही, रखवालदार रात्री कंदील आणून देतो. अकराव्या दिवशी सकाळी, कचेरीत निघायच्या वेळेला, काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून येतात आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगतात.

मी पुन्हा वाचताना अडलो तो या नंतरच्या भागापाशी. ते दोन मित्रांकडे जातात. एक हिंदू. त्याला वाईट वाटतं, संतापही येतो, पण तो म्हणतो की तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला. तो म्हणतो, उद्या बायको येते आहे, तिला विचारून सांगतो. ती दोघं मूळची ब्राह्मण घराण्यातली आणि बायको विचारांनी जुन्या वळणाची, हे बाबासाहेबांना मागाहून कळतं.

'बाहेरच्याला कळतं का' असं विचारताना या दोन मित्रांचं काय करायचं? पहिल्याला सगळं कळलेलं होतं. त्याच्या सहानुभूतीबद्दल बाबासाहेबांना शंका नाही. पण त्या कळण्यापेक्षा घरातला नोकर जड ठरला. शिवाय तो परदेशी नव्हता, शेजारचाच होता. पुस्तिका जसजशी पुढे जाते तसतसा 'बाहेरचा' हा शब्द ढिला होत जातो. पारशी, ख्रिस्ती, दौलताबादच्या हौदाशी संतापलेले मुसलमान: धर्मानं जातीबाहेरचे म्हणावेत असे सगळे वागताना जातीच्या आतलेच निघतात. पारशी समाज कधीकाळी स्वतः आसरा मागत गुजरातच्या किनाऱ्याला लागलेला, पण ती आठवणही त्या जिन्यावर उपयोगी पडली नाही. आपण सोसलं म्हणून दुसऱ्याचं सोसणं समजेलच असं नाही. पुस्तिकेचं नाव या अंगानं बघावं. व्हिसा परक्या माणसाला लागतो. इथे स्वतःच्या देशात, स्वतःच्या राजाच्या राजधानीत आलेला माणूस तो मागतो आहे. बाहेर कोणाला ठेवलं जातं, ते त्या नावातच आलं.

मुंबईची गाडी रात्री नऊची. दुपारचे चार वाजलेले. ते पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. मित्राकडे परत का गेले नाहीत याचं कारण ते देतात: अवस्था कीव यावी अशी होती, पण कुणी कीव केलेली त्यांना नको होती. बागेत बसून त्यांना आईवडिलांची आठवण येते, एकाकी पडलेल्या लेकराला यावी तशी. रात्री सामान घ्यायला धर्मशाळेत जातात, तेव्हा रखवालदार आणि ते, दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नाही. बिल चुकतं करून ते निघतात.

माझी चूक मला इथे सापडली. मला घर नाकारलं गेलं, पण चौथ्या दिवशी मावशीच्या ओळखीनं दुसरीकडे खोली मिळाली. माझ्या पाठीशी नातेवाईक होते, मराठी वाड्या होत्या, आडनाव होतं. ज्या आडनावानं मला खोली मिळवून दिली, त्याच तऱ्हेच्या आडनावांच्या घरांची दारं त्यांना बंद होती. मी बागेतल्या बाकावर बसायला धावलो. मजकुरात माझ्यासारख्याची जागा त्या हिंदू मित्राच्या दिवाणखान्यात आहे, आणि ती जागा कुणी मागत नाही. मला वाटतं, बाहेरच्या वाचकाला एवढं नक्की कळू शकतं की या प्रसंगात आपल्यासारखा माणूस कुठे उभा होता आणि त्यानं काय केलं. त्यापुढे बागेतले पाच तास आपल्याला कळले असं म्हणणं ही उसनवारी झाली.

मग तुलना करूच नये का? तसंही नाही. बाबासाहेब लिहितात की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना शाळा आणि आगगाडीचे डबे कायद्यानं वेगळे होते. वर्णद्वेषाच्या बाबतीत तिथे बाबासाहेब स्वतः बाहेरचे होते. हा विषय त्यांनी पुढे कसा हाताळला? जुलै १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तुमच्या लोकांच्या प्रश्नाचा मी अभ्यासक आहे, दोन्ही स्थितींत साम्य आहे, असं सांगून त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे काळ्या लोकांनी केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी महिना संपायच्या आत उत्तर दिलं. पत्रात 'तुमचं दुःख मी जाणतो' असा सूर नाही. अभ्यास आहे आणि कागद मागणं आहे. त्याआधी १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. तिथेही नजर कोणी काय केलं यावर आहे, आणि आपल्याकडच्यांनी ते उदाहरण घ्यावं अशी आशा आहे. माझ्या भाड्याच्या खोलीच्या गोष्टीतून असं काहीच निघत नव्हतं. ती सांगून मी फक्त स्वतःला त्या यादीत बसवून घेतलं.

पुस्तिकेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती अपुरी वाटते. शेवट होत नाही, थांबते. बडोद्याच्या कचेरीत कारकून-शिपायांनी फायली लांबून टाकल्या, हे चरित्रांतून आपण वाचलेलं आहे, पण इथे कचेरीचा उल्लेख जेमतेम आहे. सगळा भर निवाऱ्यावर आहे आणि त्यामुळे प्रकरण घट्ट झालं आहे. मला मोठी उणीव वाटते ती बायकांची. काठेवाडातल्या शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडते. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकत नाही. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातून शिक्षकाकडे आणि त्याच्याकडून तिच्याकडे जातं, तसंच परत येतं. ती मरते. हे सगळं नवऱ्याच्या पत्रातून कळतं, तिचा एक शब्द नाही. बेबी कांबळे, ऊर्मिला पवार यांनी लिहायला घेतलं तेव्हा मराठीत ती बाजू ऐकू आली. ही पुस्तिका वाचणाऱ्यानं तिथपर्यंत जावं.

आणि आपलं बडोदं. अस्पृश्यांच्या मुलांसाठी १८८० च्या दशकातच शाळा काढणारा राजा आपल्याला लाभला, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. बाबासाहेबही या मजकुरात महाराजांना दोष देत नाहीत. ते एवढंच लिहितात की संस्थानचा बंगला मिळावा म्हणून अर्ज केला होता आणि दिवाणसाहेब तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे ढकलत होते. हुकूम चांगला होता, पण गावात एक खोली निघाली नाही. त्या गावात आपले मराठी सरदार, कारकून, शास्त्री सगळे होते.

दर वर्षी २३ सप्टेंबरला संकल्पभूमीवर लोक येतात. ती त्यांची स्मृती आहे आणि तिचा मान राखूनच मी हे म्हणतो: या पुस्तिकेत वडाचं झाड किंवा संकल्प येत नाही. त्यात येतो तो आईवडिलांची आठवण काढणारा एकटा माणूस. आमच्या वारसाफेरीत आम्ही आजवर संकल्प सांगत आलो आणि अकरा दिवस दोन वाक्यांत उरकत आलो, कारण संकल्पाच्या गोष्टीत बडोद्याला मोठेपणा मिळतो आणि अकरा दिवसांच्या गोष्टीत जाब द्यावा लागतो.

पुढच्या बैठकीत मी असं सुचवणार आहे की फेरी स्टेशनपासून सुरू करावी. दीड रुपया, कंदील, पुढे ढकललेला अर्ज, दोन्ही मित्रांची उत्तरं हे सगळं क्रमानं सांगावं आणि मग बागेत जावं. तिथे कुणी "मलाही एकदा असंच झालं होतं" म्हणालं, तर त्याला अडवू नये. फक्त विचारावं, की मग रात्री तुम्ही कुठे झोपलात?