हात चालत नाही, पण काय चालतं?

सहाय्यक तंत्रज्ञानावर प्रपोजल लिहिणार असाल, तर २००९ चा ‘आयरायटर’ आधी नीट बघा. लॉस एंजेलिसचा ग्राफिटी कलाकार टोनी क्वान, म्हणजे ‘टेम्प्ट वन’, एएलएसमुळे हात हलवू शकत नव्हता. काही कलाकार-प्रोग्रामरांनी त्याच्यासाठी स्वस्तातल्या गॉगलच्या फ्रेमवर प्लेस्टेशनचा कॅमेरा बसवला आणि तो डोळ्यांनी पुन्हा चित्रं काढू लागला.

कौतुक होतं ते त्याच्या स्वस्ताईचं. मला खरी हुशारी दुसरीकडेच दिसते. डोळा म्हणजे पेन नव्हे. जिथे बघू तिथे रेष उमटायला लागली, तर स्वतःच्या चित्राकडे नुसतं बघणंही अशक्य! हात लावेल त्याचं सोनं होणाऱ्या राजावरून या अडचणीला ‘मिडास टच’ म्हणतात. म्हणून इथे रेष ओढायचीच नाही. नजर क्षणभर रोखून एकेक बिंदू ठेवायचा, त्या बिंदूंतून अक्षर तयार होतं.

आता मर्यादा. कॅमेरा चष्म्यावर आहे, त्यामुळे कॅलिब्रेशननंतर डोकं हललं की पडद्यावरची जागा चुकते. टोनीचं डोकं स्थिर, म्हणून त्याला चाललं. सेरेब्रल पाल्सीच्या काही प्रकारांत मान इच्छेविरुद्ध हलते. तिथे हेच यंत्र अडतं. हात दोघांचेही चालत नाहीत, पण प्रश्न वेगळे आहेत.

तेव्हा ‘हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी’ एवढंच लिहून थांबू नका. कोणती हालचाल शिल्लक आहे, ती किती स्थिर आहे, माणूस किती वेळात थकतो, हे आधी लिहा. सॅम्पल त्यावरच ठरतं. आणि तुमचं यंत्र कुणाच्या उपयोगाचं नाही, हेही.