साहसी चित्रकथा : नायकाचे गुपित आणि वाचकाची बुद्धी

शाळेच्या ग्रंथपेटीत चित्रकथा असाव्यात की नसाव्यात, हा वाद आता जुना झाला. मुले त्या मिळवून वाचतातच. तेव्हा खरा प्रश्न निवडीचा आहे. धाराशिव जिल्ह्यातील जळकोट येथील काही शिक्षकांनी तो आमच्यापुढे नेमकेपणाने मांडला. पुस्तकांसाठी पैसे थोडे, मुले पाचवीपासून दहावीपर्यंतची. अशा वेळी लहानथोर सर्वांना आवडणाऱ्या साहसी चित्रकथांपैकी कोणत्या घ्याव्यात, आणि विज्ञानाच्या तासाला त्यांचा काही उपयोग होईल काय? त्यानिमित्ताने आम्ही काही जुन्या आणि काही नव्या चित्रकथा चिकित्सक नजरेने पुन्हा वाचल्या.

अशा परीक्षणात वैज्ञानिक चुकांची यादी करणे सोपे असते. पण साहसकथा म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. तिला थोडी सूट द्यावीच लागते. आम्ही एकच कसोटी लावली. नायक संकटातून सुटतो तो ज्या ज्ञानाच्या बळावर, ते ज्ञान कथेत सर्वांसमोर मांडलेले असते, की ते गुपित ठेवून इतरांना चकवण्यासाठी वापरलेले असते? पहिल्या प्रकारची कथा वाचकाला विचार करायला लावते. दुसऱ्या प्रकारच्या कथेत विज्ञान आणि जादूटोणा यांत फरक उरत नाही.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे बेल्जियन चित्रकार एर्जे यांच्या टिनटिनची चंद्रसफर. ‘डेस्टिनेशन मून’ (१९५३) आणि ‘एक्सप्लोरर्स ऑन द मून’ (१९५४) हे तिचे दोन भाग. माणूस चंद्रावर उतरला तो १९६९ मध्ये, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी. तरीही यानाचे इंजिन अचानक बंद पडताच सारे तरंगू लागतात आणि कॅप्टन हॅडॉकच्या पेल्यातील मद्याचा गोळा होऊन तो हवेत फिरू लागतो, हे चित्र शास्त्रशुद्ध आहे. वाटेत यान उलटे फिरवून त्याचे इंजिन चंद्राच्या दिशेला केले जाते. ही बाब तर दहावीच्या मुलांपुढे जरूर ठेवावी. वेग कमी करायचा तर जोर उलट्या दिशेने लावावा लागतो, हे न्यूटनचे म्हणणे त्या एका प्रसंगात स्पष्ट होते.

येथे एक हिशेब करून पाहता येईल. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. निम्म्या वाटेपर्यंत दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवत नेला आणि उरलेल्या वाटेत त्याच दराने कमी केला, तर प्रवासाला सुमारे साडेतीन तास लागतात. अपोलो-११ ला चंद्राच्या कक्षेत पोचायला मात्र तीन दिवस लागले. कारण त्याची इंजिने मोजकी मिनिटेच चालली. बाकीची वाट ते मिळालेल्या वेगावरच कापत गेले. एर्जेच्या यानात अणुशक्तीचे इंजिन आहे, म्हणून तो ही चैन करू शकतो. असे इंजिन बांधणे आजही साधलेले नाही, हेही मुलांना सांगावे.

या कथेतील खरे संकट कोणी खलनायक आणत नाही, ते आणते अंकगणित. प्राणवायू भरलेला आहे चौघांच्या हिशेबाने, आणि यानात निघतात सातजण. त्यातील दोघे गुप्तहेर तर उड्डाणाची रात्रीची वेळ दुपारची समजल्यामुळे आत अडकलेले! वाचकाला हा हिशेब कळतो, म्हणूनच त्याचा जीव टांगणीला लागतो. चंद्रावरच्या गुहेत टिनटिनला बर्फ सापडतो. चंद्र अगदी कोरडा आहे असे पुढे कित्येक वर्षे मानले जात होते. २००८ मध्ये सोडलेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणांनी चंद्रावर पाण्याचे अंश असल्याचा पुरावा दिला, तो २००९ मध्ये जाहीर झाला. अर्थात एर्जेला हे आधी ठाऊक होते असे कोणी म्हणू नये. तो कल्पनेचा खेळ होता.

त्याच लेखकाचे ‘प्रिझनर्स ऑफ द सन’ (१९४९) आमच्या कसोटीला उतरत नाही. पेरूमध्ये इंका लोक टिनटिनला चितेवर चढवतात. वर्तमानपत्राच्या एका कपट्यावरून त्याला येणाऱ्या सूर्यग्रहणाची तारीख कळलेली असते. तो तीच वेळ मागून घेतो आणि सूर्य आपली आज्ञा पाळतो असे नाटक करतो. इंका भयभीत होऊन त्याला सोडून देतात. ही युक्ती फार जुनी आहे. २९ फेब्रुवारी १५०४ च्या चंद्रग्रहणाचा असाच उपयोग कोलंबसाने जमैकात केला होता.

आमचा आक्षेप दुहेरी आहे. ज्या समाजाने कुस्कोजवळ खांब उभारून अयनदिन ठरवले, आणि जो याच कथेत बहिर्गोल भिंगाने चिता पेटवू पाहतो, तो सूर्याविषयी इतका अडाणी असेल काय? दुसरे म्हणजे नायक येथे कोणाला काही समजावून देत नाही, तो फक्त घाबरवतो. आपल्याकडे तर हे ‘गुपित’ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वेळेसह छापलेले असते, आणि तरीही ग्रहणात दारे-खिडक्या बंद करणारी घरे आहेत. ग्रहणाची वेळ माहीत असणे आणि ग्रहण समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. पावसाळी ढगांनी साथ दिली, तर पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यावी, आणि त्याआधी ही कथा वर्गात वाचून तिच्यावर चर्चा करावी. कथा सदोष असली तरी चर्चेला उत्तम आहे.

वेताळाचेही असेच. ली फॉक यांनी १९३६ मध्ये सुरू केलेली ही चित्रमालिका इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून १९९० पर्यंत भारतात घरोघर पोचवली. ती मराठीतही निघत असे. आज शिक्षक असलेल्या अनेकांना वाचनाची गोडी तिनेच लावली, हे ऋण मान्य केले पाहिजे. पण वेताळाची सत्ता कशावर उभी आहे? एकवीस पिढ्यांचे वेताळ म्हणजे एकच अमर पुरुष, या समजुतीवर. हे रहस्य वाचकाला ठाऊक असते, जंगलातील बहुतेक माणसांना मात्र कळू दिले जात नाही. गोऱ्या माणसाने काळ्या माणसांना भ्रमात ठेवून त्यांचे रक्षण करायचे, ही कल्पना आज खटकल्याशिवाय राहत नाही.

वेताळाच्या ईडन बेटावर वाघ-सिंह हरणांशेजारी सुखाने नांदतात, कारण त्यांना मासे खाण्याची सवय लावलेली आहे. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात. तेवढे मांस मासळीतून द्यायचे तर एवढ्याशा बेटाला ते पुरवठ्याला येईल काय? आणि शिकारच नसेल तर हरणांची संख्या वाढत जाऊन गवताचे काय होईल? सातवी-आठवीच्या मुलांना अन्नसाखळी शिकवताना हे बेट फार उपयोगी पडेल.

नव्यांपैकी ‘टिंकल’मधील विंगस्टारची दखल घ्यावीशी वाटते. २०१५ मध्ये आलेली ही नायिका म्हणजे मिझोराममधील तेरा वर्षांची मापुई कॉलिम. ईशान्येकडील मुलगी साहसकथेची नायिका होते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तिची शक्ती दैवी नाही. ती येते संशोधक वडिलांनी केलेल्या यंत्रांतून. आमची तक्रार एवढीच की आमच्या वाचनात आलेल्या कथांत ही यंत्रे तयारच हाती येतात. ती कशी चालतात याला पानांवर फारशी जागा मिळत नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत माणसाने पाठीवर रॉकेट बांधून उड्डाण केले, तेव्हा इंधन जेमतेम वीस सेकंद पुरत असे. अशी एखादी मर्यादा मापुईच्या यंत्राला घातली, तर तिचे साहस अधिक थरारक होईल. विसाव्या सेकंदाला काय करायचे, याचा विचार वाचकही तिच्याबरोबर करील.

पैसे एकाच संचापुरते असतील, तर आम्ही चंद्रसफरीचे दोन भाग सुचवू. इंग्रजी जड गेल्यास शिक्षकांनी चित्रे दाखवत मराठीत सांगावे. दुसरा क्रमांक विंगस्टारचा. वेताळाचे जुने अंक कोणाच्या घरी असतील तर तेही पेटीत असू द्यावेत, मात्र वाचून झाल्यावर प्रश्न विचारावेत.

यापुढे जाऊन मुलांनी स्वतःची चित्रकथा काढावी. जळकोटच्या मुलांना विषय दूर शोधायला नको. जवळच नळदुर्गचा किल्ला आहे. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बांधलेल्या धरणाच्या भिंतीतच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळत असतात आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. हे कसे साधले असेल? खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढत जातो, मग भिंत कोठे अधिक जाड हवी? या प्रश्नांभोवती आठ चौकटींची कथा मुले सहज रचतील. नियम एकच घालावा : नायकाला जे ठाऊक आहे, ते शेवटची चौकट येण्याआधी वाचकालाही ठाऊक झाले पाहिजे.