दारं आणि दार : टॅब्लेटवरच्या हस्ताक्षराविषयी

टॅब्लेटवर पेनाने लिहायचं आणि यंत्राने ते ओळखून छापील अक्षरांत मांडायचं, या सोयीची आज आम्ही थोडी चिकित्सा करणार आहोत.

पणदऱ्यात आल्यावर एका विद्यार्थ्याच्या टॅब्लेटवर आम्ही लिहिलं, 'रात्री दारं धरलं.' क्षणात छापील ओळ आली, 'रात्री दार धरलं.' तुम्ही हसलात, कारण तुम्ही या भागातले. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो : रात्रीची वीज आली की उसाच्या एकेका सरीत पाणी वळवत उभं राहायचं, त्याला इथे दारं धरणं म्हणतात. एक टिंब गेलं आणि शेतातला माणूस दाराशी येऊन उभा राहिला.

असं का होतं? टॅब्लेट नुसतं चित्र पाहत नाही, पेन कोणत्या क्रमाने फिरलं तेही टिपतो. आपल्या लिपीत हा क्रम माणसागणिक बदलतो. कोणी शिरोरेघ आधी ओढतो, कोणी शब्द संपल्यावर, कोणी ओढतच नाही. अनुस्वार तर बहुधा शेवटी देतात. तो कोणत्या अक्षराचा, हे यंत्राने ताडायचं. आकारावरून ठरेना, तर नेहमी आढळणारा शब्द ते पुढे करतं. म्हणजे ते वाचतं कमी, अंदाज जास्त बांधतं.

१९९६ साली पाम कंपनीच्या छोट्या यंत्रात 'ग्राफिटी' नावाची पद्धत आली. तिच्यात माणसालाच ठरावीक वळणाची अक्षरं शिकावी लागत. जाच होता खरा, पण व्यवहार उघड होता. आजचं यंत्र आपल्याला काही शिकायला लावत नाही, आपला शब्द मात्र गुपचूप बदलतं.

हा दोष नवा नाही. पोथ्या नकलून घेणारे लेखकू हेच करत. अनोळखी शब्द आला की ओळखीचा घालायचे, आणि पुढचा लेखकू तोच खरा मानायचा. ज्ञानेश्वरीत असे अपपाठ इतके साचले, की १५८४ साली एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. ते काम होऊ शकलं, कारण ताडून पाहायला जुन्या पोथ्या शिल्लक होत्या. त्या कोणी बुडवल्या असत्या तर?

म्हणून आमचा आक्षेप चुकीवर नाही. चूक माणूसही करतो. शेजाऱ्याला आपलं अक्षर लागलं नाही तर तो विचारतो, 'हे काय लिहिलंय हो?' यंत्र बहुधा विचारत नाही, उत्तरच देतं. आणि काही सोयींमध्ये उत्तर दिलं की मूळ लिखाण पुसलं जातं. दहा वर्षांनी स्वतःचीच वही उघडाल, तेव्हा 'दार' दिसेल. ते 'दारं' होतं हे सांगणारं कोणी उरणार नाही.

दासबोधाच्या १९व्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते कामाचं नाही, असं समर्थ तिथे सांगतात. लिहिताना पुढे वाचणाऱ्याची काळजी घ्यायची, हा त्यातला विचार. टिपणांचा पुढचा वाचक बहुतेक वेळा आपणच असतो. आमच्या वयाला हे चांगलंच पटतं.

तेव्हा ही सोय वापरावी की नाही? जरूर वापरावी. मूळ अक्षर तसंच ठेवून, मागे छापील मजकूर केवळ शोधण्यासाठी बाळगणारी सोय आम्हाला चांगली वाटते. हवा तो शब्द दोन वर्षांच्या टिपणांतून चटकन सापडतो, कागदाच्या वहीत ते कुठलं जमायला! पण मूळ पुसून छापील देणारी सोय कितीही अचूक असली, तरी तिच्यावर टिपणं सोपवू नयेत. ती जास्त अचूक झाली की उरलेली चूक शोधणं उलट अवघड होतं, कारण आपण तपासणंच सोडून देतो.

आणि आधी चुकतील ते आपलेच शब्द : शिवारातले, घरातले, फार कुठे न छापलेले. ते आपल्या हाताने लिहून ठेवा, आणि पुसू देऊ नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.