प्रयोगवहीतला चौथा रकाना

रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत पदार्थ ओळखण्याच्या प्रयोगासाठी तीन रकाने आखलेले असतात: कृती, निरीक्षण आणि अनुमान. ही मांडणी चांगली आहे. डोळ्यांना काय दिसले आणि त्यावरून आपण काय ठरवले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ती शिकवते. आमची तक्रार आहे ती तिच्या वापराबद्दल. ‘पांढरा साका म्हणजे क्लोराइड’, ‘पिवळी ज्योत म्हणजे सोडियम’ अशा जोड्या पाठ होतात. पण ‘असे दिसण्याचे दुसरे काही कारण असू शकेल का?’ हा प्रश्न लिहायला वहीत जागाच नसते.

साधे उदाहरण घेऊ. मिठाच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातले की पांढरा साका तयार होतो. मात्र द्रावणात क्लोराइडऐवजी कार्बोनेट असेल तरीही फिकट रंगाचा साका येतो. म्हणून आधी विरल नायट्रिक आम्ल घालायचे असते. त्याने कार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो, क्लोराइड मात्र तसेच राहते. विद्यार्थी आम्ल घालतात, पण कशासाठी ते विचारले तर गप्प होतात. शिवाय द्रावण विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात केले असेल तर? त्या पाण्यात थोडेफार क्लोराइड असतेच. पदार्थ न घालता नुसत्या पाण्यावर तीच कृती केली तर हे लगेच कळेल. या ‘कोऱ्या चाचणी’ला दोन मिनिटे पुरतात, तरी वेळ नाही म्हणून तीच गाळली जाते.

‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांतही फरक आहे. सोडियमची पिवळी ज्योत इतकी प्रखर असते की पोटॅशियमची फिकट जांभळी छटा तिच्यात हरवते. कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहिल्यास सोडियमचा ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश अडतो आणि जांभळी छटा दिसू लागते. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहिला, म्हणूनच १८६० साली त्यांना खनिज जलात सीझियम सापडले.

हे सारे फक्त गुणांपुरते असते तर आम्ही लिहिण्याचा खटाटोप केला नसता. पण अन्नभेसळीच्या चाचण्या आता शाळाशाळांतून, विज्ञान प्रदर्शनांतून केल्या जातात. हळदीतील मेटॅनिल यलो या घातक रंगाची चाचणी त्यांत हमखास असते. हळदीच्या अर्कात हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, लालसर रंग आला तर भेसळ, असे तक्त्यावर लिहिलेले असते. अडचण अशी, की तीव्र आम्लात शुद्ध हळदीतले कुर्क्युमिनही लालसर होते. पाणी घालून आम्ल विरल केले की हळदीचा लालपणा जातो आणि मेटॅनिल यलोचा टिकतो, असा पुढचा भाग आहे. तो गाळला तर शुद्ध हळदही दोषी ठरते. उलट पाणी फार झाले तर मेटॅनिल यलोही पुन्हा पिवळा होतो, कारण तो मुळात दर्शक आहे: सामू १.२ च्या खाली लाल, २.३ च्या वर पिवळा.

आता वर्गातल्या मुलांनी गावातल्या दुकानातून हळद आणली, रंग लाल झाला आणि ही बातमी घरोघरी गेली, तर त्या दुकानदाराने काय करायचे? घरी हळकुंड कुटून केलेली पूड शेजारच्या परीक्षानळीत घेऊन, तेवढेच आम्ल आणि तेवढेच पाणी घातले असते तर निदान हा अन्याय टळला असता. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घेतलेल्या नमुन्याचे चार भाग केले जातात. फेरतपासणी करता यावी, हा त्यामागचा हेतू. कायदा जी सावधगिरी बाळगतो ती शाळेने का बाळगू नये?

चुकीचा दोष देणे हा एक धोका. चुकीची ग्वाही देणे हा दुसरा. १८८३ साली केल्डाल यांनी शोधलेल्या पद्धतीने दुधातले नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधतात. प्रथिनांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के असते, तर मेलामाइनमध्ये सुमारे ६६ टक्के. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले गेले, आणि चाचणीने ‘प्रथिने भरपूर’ असे सांगितले. २००८ साली हे उघडकीस आले तेव्हा सरकारी आकड्यांनुसारच सुमारे तीन लाख बालके आजारी पडली होती आणि सहा दगावली होती. चाचणीत बिघाड नव्हता. तिने नायट्रोजन बरोबरच मोजले होते. ते प्रथिनांचेच आहे हे माणसांनी गृहीत धरले होते.

म्हणून आमची सूचना आहे की वहीत चौथा रकाना आखावा: ‘दुसरे कशामुळे असे दिसेल? ते कसे वगळले?’ त्यासाठी नवी उपकरणे नकोत. प्रत्येक प्रयोगात एक परीक्षानळी कोऱ्या चाचणीची आणि एक खात्रीच्या नमुन्याची ठेवली म्हणजे झाले. परीक्षेतही या रकान्याला गुण असावेत. क्षार बरोबर ओळखणाऱ्याला गुण द्याच. पण ‘एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही’ असे कारणासह लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आज शून्य मिळते, ते मिळू नये.