कौल कुणाला, प्रश्न कोणता?

मंडळी, निकालाच्या दिवशी वाहिन्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘जनतेने स्पष्ट कौल दिला.’ आपल्या कोकणात देवाला कौल लावताना आधी प्रश्न नीट मांडावा लागतो. लोकसभेला तो मांडला जातो का, हे आज आपण पेण-रोह्यावरून तपासू.

हे दोन्ही तालुके रायगड मतदारसंघात. २०१४, २०१९ आणि २०२४, तिन्ही वेळा मुख्य लढत अनंत गीते आणि सुनील तटकरे यांच्यातच झाली. २०१४ मध्ये देशात मोदी लाट होती म्हणतात. तरी शिवसेना-भाजप युतीचे गीते जेमतेम २,११० मतांनी तरले. २०१९ मध्ये भाजप आणखी मोठ्या बहुमताने परतला, आणि रायगडने केंद्रात मंत्री असलेल्या गीतेंनाच पाडलं. मग शिवसेनेने भाजपची साथ सोडली; २०२३ मध्ये अजित पवारांबरोबर तटकरे भाजपकडे गेले. २०२४ ला नावं तीच, बाजू उलट्या. तटकरे ८२ हजारांहून अधिक मतांनी जिंकले.

आता सांगा, कौल कशाला? ज्याने दोन्ही वेळा तटकरेंना मत दिलं, त्याचं पहिलं मत मोदी सरकारच्या विरोधात मोजलं गेलं, दुसरं बाजूने. ‘लाट’ म्हणून निकाल उलगडणारी समीक्षा इथे आम्हाला तोकडी वाटते.

कुणी म्हणेल, आम्ही माणूस बघून मत देतो. ठीक आहे. पण लोकसभेत माणूस मोजला जातो तो पक्षाच्या बाकावरून. याच कुलाब्याने १९५२ साली चिंतामणराव देशमुखांना निवडून दिलं. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर सरकारशी पटेना, तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि का सोडलं ते लोकसभेत उभं राहून सांगितलं.

तसा हिशेब आज कोण मागतं? मुंबई-गोवा महामार्गाचं आपल्या भागातलं चौपदरीकरण २०११ मध्ये, काँग्रेस आघाडीच्या काळात सुरू झालं. दिल्लीत सत्ता बदलली, खासदार बदलला, खासदाराची बाजू बदलली; २०२४ च्या प्रचारातही महामार्ग अपुराच होता. जबाबदार कोण, हे मतपत्रिकेवर शोधूनही सापडत नाही, कारण ज्याला धरावं तो दुसऱ्या बाजूला गेलेला असतो.

म्हणून पुढच्या वेळी पेणच्या नाहीतर रोह्याच्या सभेत उमेदवाराला एवढंच विचारा : तुम्ही कोणत्या बाजूला बसणार? आणि बाजू बदललीत, तर खासदारकी सोडून पुन्हा आमच्याकडे मत मागायला याल का?