साप चावला, असं घरच्यांनी सांगितलं

गुन्हेकथा वाचणाऱ्याला एक देखावा तोंडपाठ असतो. फोडलेलं दार, उपसलेलं कपाट, रक्ताळलेला नवरा आणि त्याचा जबाब: तोंडाला फडकं बांधलेला कुणी तरी आत शिरला, मला बांधून घातलं, बायकोला मारलं. २०१५च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एका नवऱ्याने जवळजवळ हेच सांगितलं. बायकोच्या कमरेला लावलेल्या फिटबिटने मात्र, त्याने सांगितलेल्या हल्ल्याच्या वेळेनंतरही तासभर तिची पावलं मोजली होती. २०२२मध्ये तो दोषी ठरला. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या त्या मारेकऱ्याचं काम बहुतेक वेळा स्टोव्हच्या भडक्यावर किंवा विहिरीवर ढकललं गेलं. नांदेड जिल्ह्यातल्या किक्की गावात १९९६ साली ते सापावर ढकललं गेलं.

त्या प्रकरणाचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला: 'त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. न्यायमूर्ती जी. पी. माथुर यांनी लिहिलेलं हे निकालपत्र कायद्याचे विद्यार्थी परीक्षेपुरतं वाचतात आणि वकील युक्तिवादापुरतं उघडतात. मला ते सलग वाचण्याजोगं गद्य वाटतं. घराच्या चार भिंतींआड बाई मरते तेव्हा सत्य कुठल्या वाटेने बाहेर येतं, याचा इतका नेमका विचार मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

हकीकत थोडक्यात अशी. सासरी नांदणाऱ्या बाईला टेम्पोसाठी माहेरून पैसे आण म्हणून जाच होत होता. एके दिवशी माहेरी निरोप गेला की साप चावून ती गेली. शवविच्छेदनात साप कुठे सापडला नाही; गळा दाबला गेल्यामुळे श्वास कोंडून मृत्यू, असं निघालं. सत्र न्यायालयात नवरा खुनाच्या आरोपातून सुटला. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

निकालपत्राचं मर्म कलम १०६मध्ये आहे असं सगळे सांगतात. त्याच्याकडे येतोच, पण माझ्या मते त्याचा सर्वांत सुंदर भाग त्याच्या आधी येतो, आणि तो कायद्याचा नाही, माणसांचा आहे. न्यायमूर्ती प्रश्न विचारतात: अशा खुनाला साक्षीदार मिळणार कुठून? मग ते एकेक दार ठोठावत जातात. घरातलं माणूस घरातल्या माणसाविरुद्ध बोलणार नाही. शेजारी बोलू शकला असता, पण त्याला शेजारच्या कुटुंबाशी वैर नको असतं, कोर्टाच्या पायऱ्या नको असतात. राहता राहिले मुलीचे आईबाप. ते दूर, दुसऱ्या गावात. मागणीबद्दल, छळाबद्दल ते सांगू शकतील, पण त्या रात्रीचं काय सांगणार? तीन दारं बंद. आणि तिथेच निकाल ठामपणे म्हणतो की दारं बंद आहेत म्हणून गुन्हा विनाशिक्षा राहावा, असं नाही.

हा उतारा मी कल्याणजवळच्या आंबिवलीत बसून वाचतो तेव्हा त्यातला शेजारी मला चेहऱ्यानिशी दिसतो. मोहने-आंबिवलीच्या बैठ्या चाळींत दोन खोल्यांच्या मधली भिंत एका विटेची असते, वर पत्रा सलग असतो. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्या खोलीत मोजता येतात, कोणाचा नवरा किती वाजता पिऊन आला हे न विचारता कळतं. आणि पोलीस आले की त्याच भिंतीमागून उत्तर येतं, "आम्हाला काय माहीत नाय साहेब, आम्ही झोपलो होतो." या उत्तराबद्दल न्यायमूर्ती कुणाला दूषण देत नाहीत, उपदेशही करत नाहीत. माणूस असाच वागतो हे मान्य करून ते पुढचा विचार मांडतात. या संयमामुळेच तो उतारा मोठा झाला आहे.

आता कलम १०६. भारतीय पुरावा कायद्यातलं हे कलम सांगतं की एखादी गोष्ट खास एखाद्यालाच ठाऊक असेल, तर ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. कायद्याने स्वतःच दिलेलं उदाहरण रेल्वेचं आहे: विनातिकीट प्रवासाचा आरोप असलेल्याने आपल्याकडे तिकीट होतं हे दाखवावं. कसारा लोकलने जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. टीसीने डब्यातल्या सगळ्यांचे खिसे तपासून तिकीट नव्हतं हे सिद्ध करत बसावं, असं कुणी म्हणत नाही. ज्याच्या खिशात असेल त्याने काढावं. माथुर हे उदाहरण उचलतात आणि थेट घरात नेऊन ठेवतात. बाई घरात होती, तुम्ही घरात होता, ती गुदमरून मेली. काय झालं ते तुम्हालाच माहीत. नुसतं गप्प राहून घरच्यांची सुटका नाही. आणि जे सांगितलं ते खोटं निघालं, तर ते खोटंच पुराव्याच्या साखळीतली आणखी एक कडी होतं. साप इथे पुरावा होऊन उलटतो. खुन्याने स्वतःला वाचवायला रचलेली गोष्टच त्याला धरून ठेवते, आणि रहस्यकथेच्या लेखकालाही हेवा वाटावा अशी ही उलटापालट आहे.

पण ती उलटापालट घडवली कुणी? शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरने. गळा दाबलेल्या मृतदेहाच्या कातडीवर कधी कधी फारसं काही दिसतच नाही. म्हणून जाणता डॉक्टर आधी डोकं आणि छाती उघडतो, मानेतलं रक्त निथळू देतो, आणि मगच मान थराथराने सोडवतो: कातडी, मग एकेक स्नायू, मग कंठास्थी. निथळल्यामुळे स्नायूंत साकळलेलं रक्त वेगळं ओळखू येतं. तिथे बोटं रुतली होती. पापण्या उलटून आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का तेही पाहतो. घाईत मान आधी कापली तर कापतानाच रक्त पसरतं आणि खरा डाग कुठला, खोटा कुठला, हे कळेनासं होतं. आंबिवलीत असा मृत्यू झाला तर खडकपाडा पोलीस पंचनामा करतील, मृतदेह बहुधा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात जाईल, व्हिसेरा कलिनाच्या प्रयोगशाळेत. या प्रवासात कुठे तरी एका माणसाने क्रम पाळला की नाही, यावर सगळं ठरतं.

साप खरा असला तरी हे शास्त्र फसत नाही. केरळात कोल्लमच्या एका प्रकरणात २०२० साली खरोखरच नाग चावून बाई गेली होती. तपास करणाऱ्यांनी कोंबडीचं मांस बांधलेल्या बनावट हातावर नागाचे दंश घेऊन पाहिले. नाग आपणहून चावला तर दातांच्या खुणा जवळ येतात. त्याचं डोकं दाबून चाववला तर जबडा फाकतो आणि खुणांतलं अंतर वाढतं. बाईच्या हातावरच्या खुणा रुंद होत्या. २०२१मध्ये नवरा दोषी ठरला.

'त्रिमुख'ची स्तुती करून थांबलो तर रसग्रहण अर्धवट राहील. या निकालात एक धोका आहे आणि तो त्याच्या सुबकपणातून येतो. 'घरात मेली, नवरा घरात होता, आता सांग' एवढ्यावर कुणालाही दोषी ठरवता येईल असं आळशी वाचकाला वाटू शकतं. माथुर यांनी तसं लिहिलेलं नाही. सुरुवातीचा भार सरकार पक्षावरच आहे, फक्त तो तुलनेने हलका, हे त्यांनी स्पष्ट केलं आहे. तरी उताऱ्याचा शेवट लक्षात राहतो आणि सुरुवात विसरली जाते.

म्हणून याच्या जोडीला २०२१चा 'नागेंद्र साह विरुद्ध बिहार राज्य' हा निकाल वाचावा. तो लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक आपल्या ठाण्याचे. १९८३ साली ठाणे जिल्हा न्यायालयात वडिलांच्या हाताखाली त्यांनी वकिलीला सुरुवात केली. इथेही प्रकरण वरवर तसंच: बायको भाजून मेली असं सांगितलं गेलं, शवविच्छेदनात गळ्यावर दाब निघाला. पण घरात इतरही माणसं राहत होती आणि नवरा-बायकोत बिनसलं होतं याचा पुरावा उभा राहिला नव्हता. ओक यांनी आरोपीला सोडलं. साखळी आधी सरकार पक्षाने जोडायची. कडीच नसेल तर आरोपीचं मौन कुठे अडकवणार, हा त्यांचा सवाल. माथुर यांच्या गद्यात बंद दारापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची तळमळ आहे, ओक यांचं गद्य कोरडं आहे, एकेक पायरी मोजून चढणारं. दोघांनी एकच कलम वाचलं आणि दोघांनीही बरोबर वाचलं.

१ जुलै २०२४पासून जुना पुरावा कायदा गेला. भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १०६ आता १०९ झालं आहे, तिकिटाचं उदाहरण तसंच राहिलं आहे. त्याच दिवशी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. दोन्ही निकालपत्रं सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. वाचणाऱ्याने 'त्रिमुख' आधी वाचावं, 'नागेंद्र साह' नंतर. उलट क्रमाने वाचलं तर शेजाऱ्याचा तो उतारा हातून निसटतो.